म्हातारपणी घरभाडे



इंग्लंडात भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हाउसिंग बेनिफिट मागायची लाज वाटते. एक मावशी तर पेन्शनमधून भाडे भरून थंडीत हीटर बंद ठेवीत. अहो, ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे! सरकारी पेन्शनचे वय झाले की अर्ज कौन्सिलकडे करायचा. बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर मदत नाही. गॅरंटी पेन्शन क्रेडिट मिळत असेल तर मात्र ही अट लागत नाही. मागचे फार तर ३ महिने धरतात, त्याआधीचे बुडाले. जोडीदार वयाने लहान असेल तर १५ मे २०१९ पासूनचा नियम आधी विचारून घ्या.

विद्यार्थ्यांनो, फॉर्म तुम्ही भरून द्या. मावशींचा भरायला मी बसलो, तर भाडेकरारच सापडेना!