हिरव्या पाण्यातला कॅमेरा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पाण्याखालचं छायाचित्रण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लक्षद्वीपचं नाहीतर मालदीवचं निळंशार पाणी येतं. मी आज बोलणार आहे मालवणच्या हिरव्या पाण्याबद्दल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथे चांगल्या दिवशी आठ-दहा मीटरवरचं दिसतं. वारा उठला की तीन मीटरवर असलेला जोडीदारही पुसट होतो. इथे फोटो काय काढायचे, असं मला नेहमी विचारतात. माझं ठाम मत असं, की हे छायाचित्रण शिकावं तर इथेच.

आधी पाण्याचं म्हणणं ऐकू या. लाल रंग सगळ्यांत आधी जातो. पाच-सहा मीटरवर तो फिका पडतो आणि आणखी खाली लालभडक वस्तू करडी दिसायला लागते. वीसेक मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. निळा रंग सगळ्यांत खोल पोचतो. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात मात्र प्लवकांमधली हरितद्रव्यं आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळ्यालाही गिळतात, म्हणून उरतो तो हिरवा. हे फक्त खोलीपुरतं खरं नाही, आडव्या अंतरालाही लागू आहे. माशापासून दोन मीटरवर उभं राहून फ्लॅश मारला, तर तो प्रकाश जाऊन-येऊन चार मीटर पाणी कापतो आणि तेवढ्यात लाल बराचसा गळालेला असतो.

पाण्यातल्या उजेडाशी ही झटापट जुनीच आहे. लुई बूतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाण्याखाली कॅमेरा उतरवला, तेव्हा भूमध्य समुद्राच्या स्वच्छ पाण्यातही एकेका फोटोला अर्ध्या तासापर्यंत उजेड द्यावा लागे. पुढे १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी माशांची रंगीत छायाचित्रं घेतली. त्यासाठी ते तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवत. एकदा ती अवेळी पेटली आणि लाँगली चांगलेच भाजले. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ती चित्रं जानेवारी १९२७ च्या अंकात छापली. तो लखलखाट ते पाण्याच्या वरून करत होते. आज तोच उजेड आपण कॅमेऱ्याच्या दांड्यावर लावून खाली नेतो.

पण उजेड खाली नेला म्हणजे काम झालं असं नाही. पावसाळी धुक्यात आंबोली घाट चढताना गाडीचे मोठे दिवे लावले की रस्त्याऐवजी धुकंच झळाळतं, तसं इथे होतं. भिंगासमोरचे तरंगणारे कण उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. त्यावर उपाय दोन. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, दोन्ही बाजूंना आणि किंचित बाहेरच्या दिशेला धरायचे. आणि मधलं पाणी कमी करायचं, म्हणजे जवळ जायचं. हातभर अंतरावर, जमलं तर त्याहूनही जवळ. लांबून झूम करून इथे काही साधत नाही.

जवळ जाणं म्हणजे पोहत अंगावर जाणं नव्हे. पाण्यात अपवर्तनामुळे मासा दिसतो त्याहून दूर असतो. चार हातांवर असलेला मासा तीन हातांवर भासतो. त्यामुळे नवखा माणूस लवकर थांबतो, मग घाईने पुढे सरकतो आणि मासा निघून जातो. मुख्य कौशल्य आहे ते तरंगत स्थिर राहण्याचं. श्वास घेतला की शरीर किंचित वर उचलतं, सोडला की खाली येतं. तो श्वास ताब्यात आला नाही, तर फिनच्या एका फटक्यात तळाचा गाळ उठतो आणि पुढची दहा मिनिटं कुणालाच फोटो मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रवाळ मोडतं. इथलं पोराइट्स जातीचं गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. ढोपराएवढा गोळा म्हणजे एका माणसाचं बालपण. काही जण काडीने डिवचून प्राण्याला हव्या त्या जागी आणतात. मला त्याची मनापासून चीड आहे. असा फोटो कितीही देखणा असला तरी तो स्पर्धेत घेऊ नये.

या संयमाचं फळ काय, ते माकूळ दाखवते. ताटात आपण तिला चांगलं ओळखतो. पाण्यात ती खडकाच्या कडेला स्थिर तरंगत असते. हळूहळू अंतर कमी करत गेलं की आधी तिच्या अंगावर गडद पट्टे धावतात, दोन भुजा वर उचलल्या जातात. तिथेच थांबायचं. काही वेळाने पट्टे विरतात, भुजा खाली येतात आणि ती मागच्या दगडाचा रंग घेते. अंगाच्या कडेची पातळ झालर लाटेसारखी हलत राहते. मग भिंगात तिचा डोळा येतो: इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची काळी बाहुली. रंग इतक्या लीलया बदलणारा हा प्राणी स्वतः मात्र रंगांध आहे, असं शास्त्रज्ञांना दिसून आलं आहे. तिने रंग बदलून आपल्याला पाहू दिलं, तो क्षण पकडण्यासाठी सगळा खटाटोप.

खटाटोप खराच मोठा. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. कॅमेऱ्याचं हाउसिंग, म्हणजे त्याची पाणीबंद पेटी, ज्या रबरी ओ-रिंगवर बंद होतं, तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तर हजारोंचं यंत्र मिनिटात खारं होतं. म्हणून होडीवर बसून कुणाशी न बोलता बॅटरीच्या उजेडात ती रिंग बोटाने फिरवून पाहायची, खाच कोरडी पुसायची, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावायचा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

आता हिरव्या पाण्याकडे परत येतो. निळं, आरपार दिसणारं पाणी बहुधा उपाशी असतं; त्यात पोषकद्रव्यं कमी, प्लवक कमी. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या पोषकद्रव्यं आणतात, खालचं थंड पाणी वर येतं आणि प्लवक माजतात. आपल्या फोटोत ठिपके पाडणारे कण त्यातलेच. त्यांच्यावर तारली जगते, बांगडा जगतो आणि त्यांच्याच मागावर व्हेल शार्कही येतो, जगातला सर्वांत मोठा मासा. २००१ पासून त्याला आपल्या कायद्याचं संरक्षण आहे.

त्याच्या कातडीवरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. तारकांचे नकाशे जुळवायला खगोलशास्त्रज्ञ वापरत होते ती गणिती पद्धत २००५ मध्ये या ठिपक्यांसाठी बसवली गेली. त्यामुळे एका देशातल्या पाणबुड्याने काढलेला फोटो दुसऱ्या देशातल्या फोटोशी जुळवून तोच मासा ओळखता येतो. याला महागडा कॅमेरा लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला तो दिसलाच, तर फ्लॅश बंद ठेवा, शिवू नका, समोरून आडवे येऊ नका. डाव्या बाजूने, कल्ल्यांच्या फटींमागचा भाग पूर्ण येईल असा फोटो घ्या. आणि होडीवर आल्या आल्या त्या फोटोसोबत तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा.