दप्तर एकदा काट्याला लावा

आज बोलायचंय दप्तराबद्दल.

माझी भाची चौथीत आहे. गेल्या महिन्यात दोनदा म्हणाली, "मावशी, खांदे दुखतात गं." मी म्हटलं, खेळताना लचकलं असेल. मग एके दिवशी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले, दप्तर मी उचललं आणि माझाच हात खाली गेला!

घरी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा होता. त्याला दप्तर अडकवलं. 5 किलो 200 ग्रॅम. पोरगी स्वतः 26 किलोची. केंद्राचं 2020चं दप्तर धोरण सांगतं, दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको. म्हणजे हिचं 2 किलो 600. बरोब्बर दुप्पट!

सगळं बाहेर काढलं. लिटरभर पाण्याची बाटली, म्हणजे एक किलो तिथेच. शाळेत फिल्टर आहे, बरं का. आणि सगळ्या विषयांची पुस्तकं. "वेळापत्रक बघून का नाही भरत?" तर म्हणते, "बाई मधेच दुसरा विषय घेतात. पुस्तक नसलं की उभं करतात." आता काय बोलणार?

ताई जाऊन बाईंशी बोलली. आता बदल असला की बाई आदल्या दिवशी ग्रुपवर टाकतात. रात्री आम्ही दोघी दप्तर भरतो. जाड पुस्तकं पाठीच्या बाजूला, पट्टे आवळून, दोन्ही खांद्यांवर. काल भरलं 2 किलो 900. रिकामं दप्तरच त्यातलं 900 ग्रॅम, पण त्यावर मांजर आहे, म्हणून ते बदलायला बाईसाहेब तयार नाहीत!