अँटरगन : खाज थांबवणाऱ्या गोळीची पूर्वज

अंगावर पित्त उठलं, लाल गांधी आल्या, की आपल्याकडे आधी आमसुलाचं पाणी चोळतात. मग औषधाच्या दुकानातून एक छोटीशी गोळी येते. खाज थांबते आणि पाठोपाठ डोळ्यांवर झापडही येते. आज मी या गोळीच्या एका पूर्वजाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव अँटरगन.

शरीराला एखादी गोष्ट सोसली नाही, की काही पेशींमधून हिस्टामिन हे द्रव्य बाहेर पडतं. त्यामुळे त्वचा सुजते, खाजते. नाक वाहू लागतं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टाऊब यांनी १९३७ मध्ये दाखवून दिलं, की '९२९ एफ' हे रसायन दिलेले गिनिपिग हिस्टामिनच्या प्राणघातक मात्रेतूनही वाचतात. पण ते इतकं विषारी होतं, की माणसाला देणं शक्य नव्हतं.

पुढे १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, फ्रान्समध्येच बर्नार्ड हाल्पर्न यांनी अँटरगन पुढे आणलं. रुग्णांसाठी वापरलं गेलेलं हे पहिलं हिस्टामिनविरोधी औषध. गांधी आणि परागकणांमुळे होणारी सर्दी यांवर त्याचा उपयोग झाला. हे औषध हिस्टामिन नष्ट करत नाही. हिस्टामिनची पेशीवरची जागा आधीच अडवून बसतं. दोनच वर्षांत बोव्हे यांचं मेपिरामिन आलं आणि अँटरगन मागे पडलं. बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

मग झोप का येते? मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं आणि ही जुनी औषधं मेंदूपर्यंत पोहोचतात. फेक्सोफेनाडिनसारखी नंतरची औषधं तिथे फारशी पोहोचत नाहीत. आपल्या ओळखीची एव्हिल मात्र जुन्या पिढीतली. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही याच पिढीचं औषध असतं. म्हणून ती घेऊन गाडी चालवू नये, मद्य घेऊ नये आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

आणखी एक. गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, श्वास अडखळला किंवा चक्कर आली, तर गोळीच्या भरवशावर घरी थांबू नका. अशा वेळी जीव वाचवतं ते अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. तडक रुग्णालय गाठा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)