आपली गणती आपणच करू
(जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर पावसाआधीच्या सभेत केलेलं भाषण. जून २०११)



भट्टीवरची शेवटची घरं गेल्या आठवड्यात परत आली, म्हणून आज सभा ठेवली. पाऊस एकदा लागला का कोणी अर्धा तास पण बसणार नाय, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा कामाचंच बोलतो.

शिरगणतीचे पहिले आकडे मार्चच्या शेवटी आले. देशात १२१ कोटी माणसं. आपला ठाणे जिल्हा तर सगळ्या देशात मोठा, १ कोटी १० लाखांचा. पण ही माणसं राहतात ठाण्यात, कल्याणला, नवी मुंबईत, वसई-विरारला. त्या आकड्यात आपला पाडा शोधायला गेलं तं हाती काय लागत नाय.

आता आठवा, मोजणी कधी झाली? ९ ते २८ फेब्रुवारी. तेव्हा आपण कुठं होतो? अर्धा पाडा भिवंडी, वसई, वाड्याकडं वीट थापत होता. २०१० साली घरं मोजली तेव्हा दारावर नंबर टाकून गेले होते. फेब्रुवारीत गुरुजी आले तेव्हा नंबर जागेवर होता, पण कडीला सुतळी बांधलेली. गुरुजींचा दोष नाय, ते उन्हातान्हात टेकडी चढून आले. नियमच असा आहे का जो माणूस त्या सगळ्या दिवसांत घरी नसेल, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. मग आम्ही परत आलेल्यांना विचारत फिरलो, भट्टीवर कोणी मोजायला आलं होतं का? काही म्हणाले, एक जण शेठकडं बसून काहीतरी लिहून गेला. काही म्हणाले, कोणीच आलं नाय. म्हणजे आपल्यातले काही जण कागदावर भिवंडीचे झाले आणि काही जण कुठलेच नाय झाले.

तुम्ही म्हणाल, होऊ दे, आपल्या पोटाला काय फरक पडतो? फरक पडतो. बाजूच्या पाड्यावरची एक बाई वनजमिनीच्या दाव्यासाठी गेली होती. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "बाई, तुमचं घर तर सहा महिने बंद असतं. तुम्ही इथं राहताच कुठं?" ती गप्प बसली. घरी येऊन रडली. तिची सासू त्याच प्लॉटवर नागली लावून म्हातारी झाली, हे तिला माहीत होतं, पण बोलायला सुचलं नाय. आपल्यातला कोणीही तिथं गप्पच बसला असता.

वनहक्क कायदा २००६ चा. आपल्या आदिवासींना तो मुख्य दोन गोष्टी विचारतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोस का? आणि तू इथला का, तुझं पोट या जंगलावर चालतं का? पंचाहत्तर वर्षांचा पुरावा आपल्याला मागायचा नसतो, तो बिगर आदिवासींना आहे. कोणी मागितला तं सरळ सांगा. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता यायला पाहिजे, आणि तिथंच आपण कमी पडतो.

एक घर घेऊ. नाव सांगत नाय, सांगितलं तं सगळे हसतील. डोकरी, तिचा पोरगा, सून, चार पोरं. सात माणसं. फेब्रुवारीत घरात दोनच होती, डोकरी आणि शाळेसाठी मागं ठेवलेली मोठी नात. गुरुजींनी डोकरीला विचारलं, काय काम करतेस? ती म्हणाली, "काय नाय, घरीच हाय." तेच लिहिलं गेलं असणार. आता ही घरीच असलेली डोकरी मार्चमध्ये पहाटे उठून मोहाची फुलं वेचते, सुकवते, मोहाच्या बियांचं तेल काढून ठेवते. पावसाळ्यात कंद कुठं लागतो आणि तो किती पाण्यात उकळला का कडूपणा जातो, ते या पाड्यावर तिच्याइतकं कोणाला कळत नाय. बकऱ्या तीच राखते. मोळी अजून डोक्यावर आणते. आणि म्हणते, काय नाय करत! ही चूक गुरुजींची नाय, आपली आहे. बाया तं सगळ्याच असं बोलतात.

तिच्या पोराचं बघा. पावसात खाचरात भात, वरकसावर नागली आणि वरई. आपली लावणी उरकली का दुसऱ्याच्या लावणीला मजुरीवर. भादव्यात कणगी रिकामी, तेव्हा मुकादमाकडून उचल. दिवाळीनंतर ती उचल फेडायला बायको-पोरांसकट भट्टीवर, आठवड्याच्या खर्चीवर. कागदाची रीत अशी का सहा महिन्यांच्या वर जे काम केलं ते मुख्य. मग या शेतकऱ्याचं मुख्य काम वीट! तो भट्टीवर का जातो, ते कोणी लिहीत नाय. प्लॉटचा कागद नाय म्हणून बांध घालायला भीती, विहिरीला परवानगी नाय, कर्ज नाय. पीक होळीलाही पुरत नाय. जमीन पक्की नाय म्हणून माणूस भट्टीवर जातो, आणि भट्टीवर जातो म्हणून साहेब सांगतात का तू जमिनीवरचा नाय.

म्हणून आम्ही पोरापोरींनी ठरवलंय, पाड्याची वही करायची. घरटी एक पान. घरात कोण कोण, कुठल्या महिन्यात कुठं, कशावर जगलं. भट्टीवर गेलेला माणूस पण आपल्याच पानावर, बाजूला लिहायचं कधी गेला, कधी आला. जंगलातून काय आणलं, खाल्लं किती, विकलं किती. सरकारी कागदच पाहिजे असं नियमात नाय. घर, बांध, सपाट केलेली जमीन, जुनी विहीर, मसण, देवाची जागा, हेही पुरावे धरतात. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब पण चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे एवढं ध्यानात ठेवा. वही ग्रामसभेत मोठ्याने वाचायची, चुकलं असेल तं तिथंच खोडायचं, मग ठराव करून वनहक्क समितीकडं द्यायची. खोटं एक अक्षर नको. जास्तीची जमीन लिहिली तं खऱ्या दाव्यालाही धक्का लागेल, आणि तो शेजाऱ्याच्याही दाव्याला लागेल.

उद्या सकाळी ओहोळाकडच्या घरांपासून सुरू करतो. वही आणलीय, दोन पोरी लिहायला बसतील. घरात एक तरी मोठं माणूस थांबा. आणि डोकऱ्या-डोकरींना आज रात्रीच सांगून ठेवा, "काय नाय करत" असं लिहून घेणार नाय म्हणून.