मुक्त प्रणाली आणि बंद चिप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यानंतर वाढीव सुरक्षेची जी सोय देऊ केली, ती मुदतीपुरतीच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत. परिणामी २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले धडधाकट लॅपटॉप एका कंपनीच्या निर्णयाने निकामी ठरले. यंत्र झिजल्यावर टाकून देणे वेगळे आणि ते झिजण्यापूर्वीच विक्रेत्याने त्याचे आयुष्य संपविणे वेगळे. शाखांच्या कचेऱ्या, वाचनालये आणि शाळा यांच्याकडे अशीच यंत्रे असतात. लिनक्सवर आधारलेल्या मुक्तस्रोत प्रणालींनी ती आणखी काही वर्षे चालविता येतात. म्हणूनच हा विषय चळवळीच्या विचारकक्षेत येतो.

परंतु नेमके येथेच उत्साह अभ्यासाच्या पुढे धावतो. एखाद्या कचेरीत रातोरात जुनी प्रणाली पुसून नवी बसविली जाते. सकाळी वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर सभेची पत्रके छापत नाही. मग ‘फुकटचे ते असेच’ हा निष्कर्ष निघतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. पूर्वतयारीअभावी फसलेला प्रयोग विचारालाच बदनाम करतो, हा अनुभव चळवळीला नवा नाही.

या अपयशाचे मूळ ड्रायव्हरमध्ये असते. प्रणाली आणि यंत्राचा एकेक भाग यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. चिपचे अंतरंग निर्मात्याने उघड केले, तर हा दुभाष्या कोणीही घडवू शकतो. गुप्त ठेवले, तर यंत्राचा मालक आपल्याच यंत्रापुढे परका होतो. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीची एक प्रेरणाच या प्रश्नातून आली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकल्यास सर्वांना सूचना जावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नव्याची मूळ आज्ञावली मात्र त्यांना मिळाली नाही. ती जवळ असलेल्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने गुप्ततेच्या करारामुळे ती देण्यास नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

सर्व कंपन्यांचे वर्तन सारखे नाही. इंटेलच्या वाय-फाय आणि ग्राफिक्स चिपांचे ड्रायव्हर बहुधा लिनक्समध्येच असतात. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांसाठी स्वयंसेवकांना उलटा अभ्यास करून ड्रायव्हर लिहावे लागले. २०१० मध्ये कंपनीने काही चिपांपुरता ड्रायव्हर खुला केला. एनव्हिडियाने २०२२ मध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचा एक भाग खुला केला, पण तो तुलनेने नव्या चिपांपुरता. ज्याच्याकडे जुने यंत्र, त्याच्या वाट्याला ही उदारता आलीच नाही.

म्हणून पाहणी आधी, बदल नंतर. विंडोज चालू असतानाच ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून वाय-फाय, ग्राफिक्स, ध्वनी आणि बोटाचा ठसा वाचणारे उपकरण यांचे ‘हार्डवेअर आयडी’ उतरवून घ्यावेत. त्यातील पहिला चार चिन्हांचा संकेत निर्मात्याचा आणि दुसरा उपकरणाचा असतो; ८०८६ म्हणजे इंटेल. लॅपटॉपचे केवळ नाव पुरेसे नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या निर्मात्यांच्या वाय-फाय चिपा बसविलेल्या आढळतात. हे संकेत घेऊन त्या चिपेला लिनक्सचा आधार आहे काय, ते शोधावे. ठसा वाचणारी उपकरणे आणि काही प्रिंटर येथे हमखास अडतात.

त्यानंतर प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन डिस्कला हात न लावता ती चालवून पाहावी. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, पडद्याचा उजेड, प्रोजेक्टर, प्रिंटर आणि मराठी कळफलक यांची एकेक करून परीक्षा घ्यावी. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते काय, तेही पाहावे. काही यंत्रांत इंटेलच्या ‘आरएसटी’ मांडणीमुळे डिस्कच दिसत नाही. ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास बाहेरून आणलेले काही ड्रायव्हर नाकारले जातात. यातील कोणताही बदल करण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकरची किल्ली लिहून ठेवावी. सभासदांची यादी एकाच यंत्रावर ठेवून प्रयोग करणे म्हणजे धाडस नव्हे, बेजबाबदारी होय.

तत्त्व आणि व्यवहार यांचा तिढा येथेही सुटलेला नाही. स्वातंत्र्याच्या तत्त्वाबाबत काटेकोर असलेल्या डेबियन प्रकल्पाने २०२२ मध्ये या प्रश्नावर सदस्यांचे मतदान घेतले. चिपेला लागणारे बंद फर्मवेअर अधिकृत प्रतीत द्यावे, असे ठरले, आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ते अमलात आले. मात्र असे फर्मवेअर स्वतंत्र विभागात, उघड नाव देऊन ठेवले. तडजोड झाली, पण ती मतदानाने झाली आणि लपविली गेली नाही. संघटनेने शिकावे असे यात पुष्कळ आहे.

व्यक्तिगत दक्षता मात्र पुरेशी ठरणार नाही. मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य देणारे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वीकारले. पण जोवर यंत्रांच्या खरेदीत ‘मुक्त ड्रायव्हर उपलब्ध असलाच पाहिजे’ ही अट येत नाही, तोवर अशा धोरणाचे भवितव्य चिपेच्या निर्मात्याच्या मर्जीवर राहील. सार्वजनिक पैशाने विकत घेतलेल्या यंत्राचे अंतरंग जनतेला बंद असणे कोणत्याही लोकशाहीला शोभणारे नाही. ग्रामपंचायत, शाळा, सहकारी संस्था यांच्या निविदांत ही अट यावी, यासाठी कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा. तोवर प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी: कोणते मॉडेल, कोणती चिप, काय चालले, काय अडले. एका कचेरीत अडलेली गोष्ट दुसऱ्या कचेरीत पुन्हा अडू नये, एवढे जरी या वहीने साधले, तरी कंपनीच्या गुप्ततेला सामूहिक ज्ञानाने दिलेले ते पहिले उत्तर ठरेल.