बुद्ध्यंक : मुलाचा आणि मोजपट्टीचाही



बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची चाचणी झाली की पालकांच्या हाती एक कागद येतो. विशेष शाळेतील प्रवेश, प्रमाणपत्र, सवलती यांचा मार्ग पुष्कळदा त्यावरील एका आकड्यातून जातो. हा आकडा मुलाविषयी सांगतो, तसाच चाचणीविषयीही सांगतो.

१९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी आपली चाचणी रचली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना योग्य शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू होता. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेपरंपरेतील चाचणी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी सिद्ध केली. त्यांचा ग्रंथ १९४० चा. वेक्सलर यांच्या १९४९ च्या बालश्रेणीला नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय रूप दिले.

बुद्ध्यंक १०० म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी. परंतु कोणत्या काळच्या मुलांची? अमेरिकेत दर दहा वर्षांत ही सरासरी सुमारे ३ गुणांनी चढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले. म्हणून जुन्या मानकांवर मोजलेले मूल प्रत्यक्षाहून वरचे दिसते. वेक्सलर श्रेणीची १९७४ ची आवृत्ती जाऊन १९९१ ची आली, तेव्हा सीमारेषेजवळच्या अमेरिकन मुलांचे गुण सरासरी ५.६ ने उतरल्याचे २००३ च्या एका अभ्यासात आढळले. मुले तीच होती. मोजपट्टी बदलली होती. पण ७० ची रेषा मधे असेल, तर एवढ्या फरकाने एखाद्याला हक्काचे साहाय्य मिळते, तर एखाद्याला नाकारले जाते.

दुसरी मर्यादा तळाची. वेक्सलर श्रेणीच्या तिसऱ्या व चौथ्या आवृत्तीत एकूण बुद्ध्यंक ४० च्या खाली उतरत नाही. त्यामुळे तीव्र अक्षमता असलेल्या मुलांतील परस्परभेद तेथे पुसला जातो.

म्हणून पालकांनी अहवाल घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : चाचणी कोणती? आवृत्ती व मानके कोणत्या वर्षाची? मुलाच्या भाषेत ती घेतली काय? दोन अहवालांत फरक दिसला, तर मूल मागे गेले असे मानण्यापूर्वी दोन्हींवरील चाचणीचे नाव पाहावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही बौद्धिक क्षमतेबरोबर दैनंदिन व्यवहारकौशल्यांचा विचार सांगितला आहे. मालिन यांनीच भारतीय रूप दिलेली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी त्यासाठी उपयोगी पडते. मूल स्वतः जेवते काय, कपडे घालते काय, हे घरच्यांना नित्य ठाऊक असते. ते तज्ज्ञांना निःसंकोच सांगावे. आकड्याला अर्थ येतो तो त्यातूनच.