सवलत वाहनाला, जबाबदारी घराला



डोंबिवली, बदलापूर, विरार अशा उपनगरांत सायंकाळी एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकाशी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. नववी-दहावीतला मुलगा क्लासला निघालेला असतो. पाठीवर दप्तर, मागे धाकटी बहीण आणि खाली आवाज न करणारी ई-स्कूटर. डोक्यावर हेल्मेट नाही, गाडीला नंबरप्लेट नाही. "या गाडीला लायसन्स लागतच नाही," असे वडील निर्धास्तपणे सांगतात. हे अर्धसत्य आहे आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये ज्या विजेरी दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटहून कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी आहे, ती मोटार वाहन मानली जात नाही. मात्र पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केलेले असावे लागते. अशा गाडीला नोंदणी, परवाना वा विमा सक्तीचा नाही. सायकलहून थोडे वेगवान असे हे निरुपद्रवी वाहन आहे, या विश्वासावर ही सवलत उभी आहे.

या विश्वासाला तडा जातो तो गल्लीतल्या गॅरेजमध्ये. वेगाचे बंधन काढून टाकले की तीच गाडी ताशी ४५ किलोमीटर धावू लागते. वेग दुपटीहूनही कमी वाढतो. परंतु आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती तिपटीहून अधिक होते. समोर काठी टेकत निघालेले आजोबा असतील, तर त्यांना आवाजाचीही पूर्वसूचना मिळत नाही. विमा नसल्याने उपचारांचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न दोन शेजारी कुटुंबांत कायमचे वितुष्ट आणतो.

वस्तुतः मर्यादा ओलांडताच ही सवलतही संपते. मग ती गाडी विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९ अ अशा वेळी पालकांच्या दारी येते. अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. मुलाच्या हौसेपायी वडील आरोपी ठरू शकतात!

दुसरा धोका घरातला आहे. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. त्याच वर्षी देशात अशा आगी वारंवार लागल्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या कडक केल्या. तथापि जिन्याखाली ओढलेली उघडी वायर आणि स्वस्तातला चार्जर यांना कोणती चाचणी रोखणार?

काहींना यावर बंदी हाच उपाय वाटतो. पॅरिसने २०२३ मध्ये नागरिकांचा कौल घेऊन भाड्याच्या ई-स्कूटर बंद केल्या. परंतु उपनगरातली गृहिणी, स्टेशन गाठणारा नोकरदार, घरोघरी सामान पोहोचवणारा तरुण यांच्यासाठी हे वाहन परवडणारा आधार आहे. यास्तव बंदी नको, शिस्त हवी.

तिचा आरंभ सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत व्हावा. प्रत्येक ई-दुचाकीच्या प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात असावी. चार्जिंगसाठी वाहनतळावर अधिकृत वायरमनकडून स्वतंत्र जोडणी घ्यावी. जिना आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी. आवारात वेगाची मर्यादा ठरवावी. शासनाकडे आग्रह धरायचा तो वेग वाढवून देणारे विक्रेते आणि गॅरेजवाले यांच्यावरील कारवाईचा.

पोलीस प्रत्येक फाटकाशी उभा राहू शकत नाही; पालक मात्र प्रत्येक घरात असतो. किल्ली मुलाच्या हाती देण्यापूर्वी त्याने गाडीचा वेग एकदा तपासला, तरी रस्त्यावरचे एक आजोबा सुखरूप घरी पोहोचतील.